हरवलेल्या ग्रहाचा माग

सन १८०१ च्या जानेवारीची पहिली तारीख. एकोणिसाव्या शतकाचा तो पहिला दिवस. सिसिली बेटांतील पालेर्मो शहरीं राजवाड्याच्या बुरुजावर बांधलेल्या वेधशाळेंत जुसेप्पे पियाझी नांवाचे चोपन्न वर्षांचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक त्या सायंकाळीं नेहमींच्या कामास बसले होते. शतक बदललें म्हणून त्यांच्या कामांत खंड पडला नव्हता. काम तसें मोठें कंटाळवाणें. एकेक तारा याम्योत्तरवृत्तावर आला म्हणजे दुर्बिणींतून त्याचा वेध घ्यावयाचा, घड्याळाचा ठोका ऐकून वेळ टिपावयाची, यंत्रावरील अंश, कला, विकला वाचावयाच्या, तें सर्व वहींत उतरावयाचें आणि पुढच्या ताऱ्याची वाट पाहावयाची. ताऱ्यांचें एक बिनचूक कोष्टक तयार करावें या हेतूनें कित्येक वर्षें त्यांचें हें काम चाललें होतें.

यंत्र मात्र असें होतें कीं, त्याच्या तोडीचें त्या काळीं युरोपांत क्वचितच दुसरें असेल. पांच फूट व्यासाचें तें वर्तुळयंत्र लंडनच्या रॅम्सडेन नांवाच्या कारागिरानें घडविलें होतें. हा कारागीर हाताचा जितका सच्चा तितकाच वायद्याचा कच्चा म्हणून प्रसिद्ध होता. तेव्हां पियाझी स्वतः इंग्लंडांत जाऊन राहिले, त्याच्या पाठीस लागले आणि १७८९ मध्यें यंत्र त्यांनीं पुरें करवून घेतलें. परंतु यंत्राहूनहि मोलाची अशी एक गोष्ट त्यांच्यापाशीं होती. ती त्यांची संवय. एका रात्रीच्या वेधावर ते विश्वास ठेवीत नसत. तोच तारा दुसऱ्या रात्रीं, तिसऱ्या रात्रीं पुन्हां मोजावयाचा आणि मगच त्याचें स्थान कोष्टकांत घालावयाचें, असा त्यांचा परिपाठ होता. पुष्कळांना हा वेळेचा अपव्यय वाटला असता.

त्या सायंकाळीं वृषभ राशींतील एका ताऱ्याचा वेध घ्यावयाचा होता. त्या ताऱ्याच्या थोडा अगोदर आणखी एक अंधुक तारा दुर्बिणींतून सरकत गेला. आठव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना मुळींच न दिसणारा. पियाझींनीं त्याचीहि नोंद केली. दुसऱ्या रात्रीं संवयीप्रमाणें पुन्हां मोजूं जातां तो सुमारें चार कला पश्चिमेकडे आणि जवळ जवळ तितकाच उत्तरेकडे सरकलेला आढळला. चार कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम आठवा हिस्सा. पियाझींना प्रथम शंका आली ती स्वतःच्या पहिल्या वेधाची. तिसऱ्या रात्रीं तारा आणखी तितकाच सरकला, तेव्हां हा स्थिर तारा नव्हे याविषयीं त्यांची खात्री झाली. तरीसुद्धां चौथ्या रात्रीचा वेध हातीं येईपर्यंत त्यांनीं हें कोणास कळूं दिलें नाहीं.

या सरकत्या ठिपक्याला एवढें महत्त्व कां आलें, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. सूर्यापासून पृथ्वीचें अंतर दहा मानिलें तर बुधाचें सुमारें चार, शुक्राचें सात, मंगळाचें पंधरा, गुरूचें बावन्न आणि शनीचें पंचाण्णव येतें. टिटियस नांवाच्या जर्मन अध्यापकानें १७६६ मध्यें या अंकांत एक क्रम दाखविला. चार हा अंक घ्यावा आणि त्यांत तीन, सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव असे दुपटीनें वाढणारे अंक मिळवावे, कीं ग्रहांचीं अंतरें स्थूलमानानें येतात. १७७२ पासून बोडे या ज्योतिष्यानें हा क्रम सर्वतोमुखीं केला. पुढें १७८१ मध्यें हर्शेलला युरेनस सांपडला. क्रमाप्रमाणें त्याचें अंतर १९६ यावयास हवें होतें, तें १९२ निघालें. मग या क्रमावर लोकांचा भरंवसा बसला. पण एक जागा रिकामी होती. मंगळ आणि गुरु यांच्यामध्यें, अठ्ठाविसाच्या ठिकाणीं, कोणीच नव्हतें. खरें पाहतां हा क्रम म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे. नंतर सांपडलेल्या नेपच्यूननें तो साफ मोडला. परंतु १८०० सालीं तें कोणास ठाऊक? त्या वर्षींच्या सप्टेंबरांत जर्मनींतील लिलिएन्थाल गांवीं सहा ज्योतिषी जमले आणि राशिचक्राचे चोवीस भाग पाडून एकेक भाग एकेका ज्योतिष्यानें धुंडाळावा असें त्यांनीं ठरविलें. या मंडळींना विनोदानें ‘आकाशांतील पोलीस’ असें म्हणत. पियाझींचें नांव त्यांच्या यादींत होतें, पण निमंत्रणाचें पत्र अद्याप पालेर्मोस पोंचलें नव्हतें. ज्याला चोर शोधण्याचें कोणीं सांगितलेंच नव्हतें, त्याच्याच हातीं तो लागला.

जानेवारीच्या मध्याच्या सुमारास या ताऱ्याची पश्चिमेकडील गति मंदावून थांबली आणि तो उलट पूर्वेकडे चालूं लागला. आपल्या पंचांगाच्या भाषेंत सांगावयाचें तर तो वक्री होता तो मार्गी झाला. ही ग्रहाचीच चाल. २४ जानेवारीस पियाझींनीं बोडे व मिलानचे ओरिआनी यांस पत्रें घातलीं. सावधपणानें त्यांनीं त्यास धूमकेतु म्हटलें. मात्र ओरिआनी हे जुने स्नेही. त्यांच्याजवळ हें कांहीं तरी धूमकेतूहून अधिक असावें अशी मनांतली गोष्टहि त्यांनीं बोलून दाखविली. टपाल त्या काळचें, आणि युरोप युद्धांनीं ग्रासलेला. बोडे यांचें पत्र मार्च महिन्यांत पोंचलें, ओरिआनींचें एप्रिलांत. तोंवर इकडे पियाझी आजारी पडले होते. ११ फेब्रुवारीचा वेध हा त्यांचा शेवटचा वेध ठरला. नंतर सूर्य आकाशांत त्या भागाकडे येत गेला आणि हा नवा पाहुणा संध्याप्रकाशांत बुडून दिसेनासा झाला. एक्केचाळीस दिवसांत वीसएक रात्रींचे वेध, आणि त्या अवधींत आकाशांतील प्रवास अवघा तीन-चार अंशांचा! हात लांब करून धरलेल्या मुठीच्या निम्म्याहूनहि कमी जागेंत तो मावला असता. पियाझींनीं ग्रहाला सिसिलीच्या धान्यदेवतेवरून सेरेस हें नांव दिलें खरें, पण नांव ठेवलेलें मूल कोठें गेलें हें कोणासच सांगतां येईना.

ग्रह सूर्याच्या मागून कांहीं महिन्यांनीं पुन्हां बाहेर येईल हें निश्चित होतें. कोठें येईल, हा प्रश्न होता. आणि येथील अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी गोष्ट तींतच आहे.

रात्रीं आगगाडींतून जात असतां दूर अंधारांत एक दिवा सरकतांना दिसतो. तो जवळच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाच्या हातांतील कंदील आहे, कीं लांबच्या रस्त्यानें धांवणाऱ्या वाहनाचा दिवा आहे, हें नुसत्या पाहण्यानें कळत नाहीं. डोळ्याला दिशा समजते, अंतर समजत नाहीं. त्यांतून आपली गाडीहि चालत असते. तेव्हां दिव्याचें सरकणें त्याचें स्वतःचें किती आणि आपल्या गाडीमुळें भासणारें किती, हें निराळें काढावें लागतें. ज्योतिष्याची स्थिति हुबेहूब अशी असते. पृथ्वी ही त्याची आगगाडी.

ग्रहाची कक्षा संपूर्ण ठरविण्यास सहा संख्या लागतात. कक्षा किती मोठी, किती लांबट, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशीं किती तिरपी, ती त्या पातळीला कोणत्या दिशेस छेदते, तिचें सूर्याजवळचें टोंक कोणीकडे वळलेलें आहे, आणि अमुक दिवशीं ग्रह तीवर नेमका कोठें होता. आतां प्रत्येक वेधापासून दोन संख्या मिळतात, विषुवांश आणि क्रांति. तीन वेध झाले कीं सहा संख्या झाल्या आणि हिशेब जुळला. बोलण्यास हें इतकें सोपें आहे. परंतु तीन वेध अगदीं जवळजवळचे असले म्हणजे काय होतें? शाळेंतील मुलास वर्तुळाचा लहानसा कंस काढून द्यावा आणि त्यावरून मध्यबिंदु शोधावयास सांगावें. पेन्सिलीच्या टोंकाच्या जाडीएवढी चूक झाली तरी त्याचा मध्यबिंदु कागदाबाहेर जातो. सेरेस आपल्या कक्षेंत त्या एक्केचाळीस दिवसांत सूर्याभोंवतीं फक्त नऊ अंश चालला होता, म्हणजे एका फेरीचा चाळिसावा भाग. युरेनसच्या वेळीं कक्षा साधें वर्तुळ आहे असें धरून काम भागलें होतें, कारण तो मंदगति आणि त्याची कक्षाहि वर्तुळासारखी. सेरेसच्या बाबतींत भल्या भल्या ज्योतिष्यांनीं तोच मार्ग धरला. कोणी वर्तुळें काढलीं, कोणीं एक दीर्घवर्तुळहि काढून पाहिलें. शरद् ऋतूंत सूर्योदयापूर्वीं शोध सुरू झाला आणि ग्रह कांहीं सांपडेना.

पियाझींचे सर्व वेध १८०१ च्या सप्टेंबरांत फॉन झाख यांच्या जर्मन मासिकांत प्रसिद्ध झाले. ते ब्राउन्श्वाइग येथील कार्ल फ्रीडरिश गाउस नांवाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या वाचण्यांत आले. त्याच वर्षीं त्याचा अंकशास्त्रावरील मोठा ग्रंथ बाहेर पडला होता. आकाशाशीं त्याचा धंद्याचा संबंध नव्हता. त्यानें प्रश्न असा मांडला: कक्षा वर्तुळ आहे, लांबट आहे, असें अगोदर कांहींच गृहीत धरावयाचें नाहीं, पहिला, मधला आणि शेवटचा असे तीनच वेध घ्यावयाचे आणि त्यांतून जें निघेल तें खरें.

त्याची युक्ति थोडक्यांत अशी. ग्रहाचीं तिन्ही स्थानें आणि सूर्य एकाच पातळींत असलीं पाहिजेत. शिवाय केप्लरच्या नियमाप्रमाणें सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा समान काळांत समान क्षेत्रफळ आक्रमिते. म्हणून सूर्य आणि ग्रहाचीं दोन दोन स्थानें जोडून जे त्रिकोण होतात, त्यांच्या क्षेत्रफळांचें प्रमाण मधल्या दिवसांच्या प्रमाणाच्या जवळ असतें. जवळ असतें, तेवढेंच नसतें. त्रिकोणाची बाजू सरळ आणि कक्षा वांकलेली. मध्यें चंद्रकोरीसारखी एक बारीक फट राहते. ही फट किती हें काढण्यास ग्रहाचें अंतर माहीत पाहिजे, आणि अंतर काढण्यास फट माहीत पाहिजे. गाउसनें हा फेरा मोडण्याचा प्रयत्न न करतां त्याचाच उपयोग करून घेतला. प्रथम फटीचा अदमास घेऊन अंतर काढावयाचें, त्या अंतरावरून फट सुधारावयाची, तीवरून पुन्हां अंतर. असें करीत गेलें कीं उत्तरांतला फरक प्रत्येक फेरीला घटत जातो आणि शेवटीं दोन्ही संख्या स्थिर होतात. मग राहिलेल्या रात्रींच्या वेधांशीं उत्तर ताडून पाहावयाचें. हा सर्व हिशेब हातानें, लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरून करावयाचा होता. गाउसची ही गोष्ट जादूच्या गोष्टीसारखी सांगण्याची एक चाल पडली आहे. तीत अन्याय पियाझींवर होतो. वेधांत दहा-वीस विकलांची जरी ढिलाई असती, तरी गाउसच्या बुद्धीला धरावयास कांहीं उरलें नसतें.

गाउसनें वर्तविलेलें स्थान इतरांच्या स्थानांहून सहा-सात अंश पूर्वेकडे होतें. झाख यांनीं तें डिसेंबरच्या अंकांत छापलें. त्यांची वेधशाळा गोथा शहराजवळ सीबर्ग टेंकडीवर. हवा अगदीं प्रतिकूल, धुकें आणि ढग. ७ डिसेंबरच्या रात्रीं त्यांना कन्या राशींत एक संशयास्पद तारा दिसला. पण एकदां पाहून काय उपयोग? तो सरकतो कीं नाहीं हें पाहण्यास पुन्हां स्वच्छ रात्र पाहिजे, आणि ती मिळेना. ३१ डिसेंबरला आकाश मोकळें झालें आणि तारा जाग्यावर नव्हता. तो पुढें गेला होता. दुसऱ्याच रात्रीं, १ जानेवारी १८०२ रोजीं, ब्रेमेनचे डॉक्टर ओल्बर्स यांनींहि तो स्वतंत्रपणें शोधून काढला. दिवसा रोगी तपासावयाचे आणि रात्रीं घराच्या माडीवर दुर्बीण लावावयाची, असा या गृहस्थांचा क्रम होता. पियाझींनीं प्रथम पाहिल्यास बरोबर एक वर्ष झालें होतें. ग्रह गाउसनें सांगितलेल्या जागेपासून अर्ध्या अंशाच्या आंत सांपडला. आपली सुधारलेली रीत गाउसनें १८०९ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

सेरेस लहान निघाला. त्याचा व्यास सुमारें ९४० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक. त्याला सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास साडेचार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. आणि तो एकटाहि नव्हता. १८०२ मध्यें ओल्बर्सना पॅलस, १८०४ मध्यें हार्डिंगला जूनो आणि १८०७ मध्यें पुन्हां ओल्बर्सना व्हेस्टा सांपडला. या सर्वांना आपण लघुग्रह म्हणतों. २००६ पासून सेरेसची गणना बटुग्रहांत करतात. २०१५ मध्यें ‘डॉन’ हें अमेरिकन यान त्याच्याभोंवतीं फिरूं लागलें आणि त्याचीं विवरें जवळून दिसलीं. व्हेस्टानंतर अडतीस वर्षें नवा लघुग्रह सांपडला नाहीं. १८४५ मध्यें पांचवा सांपडला तो हेन्के नांवाच्या टपालखात्यांतील एका निवृत्त जर्मन नोकरास, पंधरा वर्षांच्या शोधानंतर. आशिया खंडांतून प्रथम शोधला गेलेला लघुग्रह आपल्या देशांतला आहे: मद्रासच्या वेधशाळेंतून नॉर्मन पॉगसन यांनीं १७ एप्रिल १८६१ रोजीं तो पाहिला आणि त्याला ‘एशिया’ हेंच नांव दिलें. १८९१ मध्यें हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनीं या कामास छायाचित्रण लावलें. कांचेवर तारे ठिपक्यासारखे उमटतात आणि लघुग्रह बारीक रेघ ओढून जातो. तेव्हांपासून संख्या भराभर वाढली. आज ती तेरा लाखांहून अधिक आहे.

परंतु सांपडणें निराळें आणि हातीं राहणें निराळें. त्याच हायडेलबर्गहून २८ ऑक्टोबर १९३७ रोजीं राइनमूथ यांना एक अतिशय वेगवान लघुग्रह दिसला. त्याला हर्मीझ हें नांव पडलें. दोन दिवसांनीं तो पृथ्वीपासून चंद्राच्या अंतराच्या दुपटीइतक्या अंतरावरून निघून गेला. वेध मिळाले ते पांच दिवसांचे. एवढ्याशा कंसावरून गाउसची रीतहि फार पुढचें सांगूं शकत नाहीं. हर्मीझ हरवला तो ६६ वर्षें. या अवधींत तो कितीदां जवळून गेला, हें कोणाला कळलेंहि नाहीं. १५ ऑक्टोबर २००३ रोजीं तो पुन्हां दृष्टीस पडला.

याहून मोठी काळजी पुढच्याच वर्षीं लागली. १९ जून २००४ रोजीं अमेरिकेंतील किट पीक पर्वतावरून सुमारें साडेतीनशें मीटर लांबीचा एक लघुग्रह सांपडला, आणि दोन रात्रींनंतर हातचा सुटला. डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतून तो पुन्हां दिसला. हिशेब मांडतां असें निघालें कीं, १३ एप्रिल २०२९ रोजीं तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे. रोज नवे वेध येत आणि रोज संभव वाढे. २७ डिसेंबरला तो सदतिसांत एक इतका झाला. सामान्य वाचकास हें वाढणें भयंकर वाटलें. गणिताच्या दृष्टीनें तें अपेक्षित होतें. लघुग्रह कोठें असेल याविषयींची अनिश्चिति म्हणजे आकाशांतील एक लांबलचक पट्टा. वेध वाढले कीं पट्टा आंखूड होतो. जोंवर पृथ्वी त्या आंखडत्या पट्ट्यांत सांपडलेली असते, तोंवर तिचा हिस्सा वाढतच जातो. पट्टा तिच्यावरून सरकला कीं एकदम शून्याकडे येतो. त्या दिवशीं तो सरकला, आणि तो नव्या वेधानें नव्हे. त्याच किट पीकवरील दुसऱ्या एका दुर्बिणीनें मार्च महिन्यांत, म्हणजे शोधाच्याहि तीन महिने अगोदर, घेतलेल्या चित्रांत एक अस्पष्ट ठिपका कोणाच्या लक्षांत न येतां पडून होता. तो हाच लघुग्रह. कंस मागच्या बाजूनें लांबला आणि २०२९ ची भीति नाहींशी झाली. पुढें मार्च २०२१ मधील रडारच्या वेधांवरून निदान शंभर वर्षें त्याच्यापासून धोका नाहीं असें ठरलें. त्याचें नांव अपोफिस. ठरल्याप्रमाणें तो १३ एप्रिल २०२९ रोजीं, भारतीय वेळेनें १४ तारखेच्या पहांटे, भूपृष्ठापासून सुमारें ३२ हजार किलोमीटरांवरून जाईल. दूरदर्शनाचे संदेश पोंचविणारे उपग्रह याहून दूर असतात.

घरच्या गच्चीवरूनहि लघुग्रहाचा असा माग काढतां येतो. मोठी दुर्बीण लागत नाहीं. दोन्ही डोळ्यांची साधी दुर्बीण पुरते. व्हेस्टा हा सर्वांत तेजस्वी. तो सूर्यासमोर, म्हणजे मध्यरात्रीं डोक्याकडे येण्याच्या बेताला असतो, तेव्हां अंधाऱ्या गांवीं नुसत्या डोळ्यांनींहि कधीं कधीं दिसतो. असा योग सुमारें दीड वर्षानें येतो. सेरेसचा सुमारें सवा वर्षानें. कोणत्या तारखेस तो कोणत्या ताऱ्यांजवळ असेल हें सांगणारीं कोष्टकें आज सहज मिळतात. त्या जागीं दुर्बीण लावावी, पण तेथें सारेच ठिपके सारखे दिसतात. त्यांतला ग्रह कोणता हें ओळखण्याची धडपड करूं नये. पांढऱ्या कागदावर दिसतील तेवढे ठिपके जसेच्या तसे काढून ठेवावे, तारीख व वेळ घालावी आणि स्वस्थ झोपावें. दुसऱ्या रात्रीं त्याच वेळीं पुन्हां काढावे. सूर्यासमोर असतां लघुग्रह एका दिवसांत चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका सरकतो, म्हणजे पियाझींना दिसला त्याच्या तिप्पट-चौपट. ज्या ठिपक्यानें जागा सोडली असेल त्याभोंवतीं खूण करावी आणि तिसऱ्या रात्रीं तो त्याच वाटेवर पुढें गेला आहे कीं नाहीं तें पाहावें. मध्यें आभाळ आलें तर थांबावें. पियाझींनाहि चार जानेवारीनंतर पुढचा वेध मिळाला तो दहा तारखेस.